ली-एनफिल्डमध्ये काडतूस वारंवार अडकतंय? पक्कड हातात घेण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते: "पहिली दोन काडतुसं नीट चढतात, तिसऱ्याला बोल्ट मध्येच थांबतो. जोर लावला तर आणखी घट्ट बसतो. मॅगझिन खराब झालंय, दुसरं कुठे मिळेल?"

दुसरं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, शोधायच्या आधी थोडं थांबा. जुन्या लष्करी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींच्या (ज्यात काडतूस आत ढकलणारा बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा) नादात मी इतकं शिकलो आहे की 'खराब' म्हणून बाजूला ठेवलेली बरीच मॅगझिनं मुळात खराब नसतात. ती पक्कडीने कोणीतरी खराब केलेली असतात. काडतूस अडकलं की नजर आधी मॅगझिनच्या तोंडाकडे जाते, तिथल्या पत्र्याच्या वळवलेल्या कडा वाकड्या वाटतात, आणि माणूस त्या 'सरळ' करायला बसतो. त्यानंतर मात्र खरोखरचा बिघाड सुरू होतो. म्हणून हे लिखाण उलट्या क्रमाने आहे. ओठांना हात सगळ्यात शेवटी. (मॅगझिनच्या तोंडावरच्या त्या वळवलेल्या कडांना मी पुढे ओठच म्हणणार आहे.)

पुढचं सगळं मुख्यतः .३०३ च्या ली-एनफिल्डबद्दल आहे, म्हणजे आपण जिला थ्री-नॉट-थ्री म्हणतो तिच्याबद्दल: नंबर १ मार्क ३ आणि नंबर ४. मोसिन-नागांत आणि माउझर यांची रचना वेगळी आहे, त्यांच्याबद्दल शेवटी थोडं सांगतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच. ही सगळी तपासणी डमी काडतुसांवर करायची. जिवंत काडतूस टेबलावरच काय, त्या खोलीतसुद्धा नको. डमी म्हणजे ज्यात दारूही नाही आणि बुडाला चालू प्राइमर, म्हणजे ठोका बसताच पेटणारी टोपी, हीही नाही, आणि जी पाहताक्षणी ओळखू येतात. रायफल हातात घेतली की मॅगझिन काढा, बोल्ट पूर्ण मागे घ्या, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपून बघा. हे दर वेळी करायचं, पाच मिनिटांपूर्वी केलं असलं तरी.

रिमचा घोळ

.३०३ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, तीच रिम. बुडाजवळ काडतुसाचा व्यास साधारण ११.७ मिमी आणि रिमचा १३.७ मिमी, म्हणजे रिम चहूबाजूंनी जेमतेम एक मिलिमीटर बाहेर येते. रिमची जाडी १.६ मिमीच्या आसपास. काडतूस चेंबरच्या तोंडाशी नेमकं टेकावं, आत घसरत जाऊ नये, हे काम ही रिम करते. एकेक काडतूस हाताने भरायच्या बंदुकीत तिचा काहीच त्रास नव्हता. पण १८८८ मध्ये ब्रिटिशांनी हे काडतूस स्वीकारलं ते जेम्स पॅरिस ली यांच्या पेटीसारख्या मॅगझिनसह, आणि एका पेटीत अशी दहा काडतुसं एकावर एक आली की त्यांच्या रिमा एकमेकींच्या वाटेत येतात.

वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे असेल, तर बोल्टने ढकलल्यावर वरचं काडतूस बिनबोभाट पुढे सरकतं. ती खालच्याच्या रिमच्या मागे असेल, तर वरचं पुढे जाताना खालच्यालाही ओढत नेतं. एका दारातून दोघं एकदम घुसायला बघतात. बोल्ट अर्ध्या वाटेत टणक काहीतरी लागल्यासारखा थांबतो. इंग्रजीत याला रिमलॉक म्हणतात, आपल्याकडेही तोच शब्द चालतो.

हे ओळखायला काही लागत नाही. बोल्ट अडला की तो मागे घ्या, मॅगझिन काढा आणि सगळ्यात वरचं डमी काडतूस बोटाने हळूच पुढे सरकवा. त्याच्याबरोबर खालचंही हललं तर रिमा उलट्या बसल्या आहेत. मॅगझिनचा काही दोष नाही, भरण्याचा आहे. 'तिसऱ्याला अडकतं' म्हणणाऱ्यांना मी आधी एवढंच करायला सांगतो, आणि पुष्कळदा गोष्ट इथेच संपते.

सुट्टी काडतुसं भरताना नियम एकच: प्रत्येक नव्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे. काडतूस सरळ वरून दाबायचं नाही. थोडं पुढून ठेवायचं, खाली दाबायचं आणि मागे सरकवत न्यायचं. खालच्या रिमला टेकलं की तिथेच सोडायचं. पहिले काही दिवस हात चुकतो, दहा-वीस वेळा भरून-काढून बघितलं की बोटांना कळायला लागतं.

चार्जरने भरत असाल तर गोष्ट थोडी वेगळी. चार्जर म्हणजे पाच काडतुसं धरणारी पत्र्याची पट्टी. त्यात रिमा आलटून-पालटून लावतात, तीन एका पातळीवर आणि दोन दुसऱ्या, त्यामुळे चार्जरचं कुठलंही टोक खाली गेलं तरी चालतं. अंगठा वरच्या काडतुसाच्या बुडाजवळ ठेवून एका दमात, न थांबता दाबायचं. अर्ध्यावर थांबून पुन्हा दाबलं की काडतुसं तिरकी बसतात. जुने चार्जर गंजलेले, चेपलेले किंवा पुन्हापुन्हा वापरून सैल झालेले असतात, तेही घोळ करतात. चार्जरने भरल्यावर अडकतं आणि हाताने नीट भरल्यावर अडकत नाही, असं दिसलं तर चार्जर बदलून बघा. मॅगझिनला अजून हात लावायची वेळ आलेली नाही.

अंक घाला आणि लिहून ठेवा

रिमा बरोबर असूनही अडकत असेल तर आता शोधायचं ते हे: नेमकं कितवं काडतूस अडकतं आणि कुठे अडकतं. 'कधीकधी अडकतं' या वाक्यावरून कुठलाही आर्मरर (बंदुका दुरुस्त करणारा कारागीर) काही सांगू शकत नाही.

दहा डमी काडतुसांवर मार्करने १ ते १० आकडे घाला. १ सगळ्यात वर येईल असं मॅगझिन क्रमाने भरा, बोल्ट नेहमीच्या जोराने चालवा, आणि जे अडकेल त्याचा आकडा वहीत लिहा. असं दहा वेळा करा. आळस करू नका, कारण या दहा ओळींमधून जे कळतं ते तासभर मॅगझिनकडे टक लावून बघूनही कळत नाही.

ली-एनफिल्डच्या मॅगझिनमध्ये काडतुसं डावी-उजवी अशी दोन रांगांत बसतात आणि वर आल्यावर एक डाव्या ओठाखालून सुटतं, पुढचं उजव्या. त्यामुळे वहीत एक सोडून एक काडतूस अडकताना दिसलं, म्हणजे फक्त विषम किंवा फक्त सम, तर बिघाड एका बाजूच्या ओठाचा आहे. बाजू कोणती तेही लगेच समजतं. मॅगझिन पूर्ण भरलेलं असताना फक्त पहिलं-दुसरं अडकत असेल आणि पुढची सुरळीत जात असतील, तर आत काहीतरी तंग आहे: चेपलेली भिंत, वाळलेलं ग्रीस, किंवा स्प्रिंग पूर्ण दबायला जागा नसणं. शेवटचं एखादंच काडतूस नाक खाली घालून अडत असेल तर पाटी आणि स्प्रिंगकडे बघा. पाटी म्हणजे काडतुसं ज्यावर टेकतात तो हलता पत्रा. आकड्यांमध्ये काहीच क्रम दिसत नसेल तर संशय मॅगझिनच्या बैठकीवर घ्या किंवा स्वतःच्या बोल्ट ओढण्यावर.

बोल्ट ओढण्याचं इथेच सांगून टाकतो, कारण रायफलला जपायच्या नादात पुष्कळजण तो अर्धाच मागे घेतात. बोल्ट पूर्ण मागे, थांबेपर्यंत गेलाच पाहिजे. अपुरा मागे गेला तर त्याचं डोकं वरच्या काडतुसाच्या बुडामागे पोचतच नाही आणि पुढे येताना काडतुसाच्या अंगावरूनच घसरतं. मनगटाने नाही, कोपरापासून ओढायचा, आणि पुढे ढकलतानाही मध्ये थबकायचं नाही. ही सैनिकाच्या हातात जोरात चालण्यासाठी बनवलेली यंत्रणा आहे. तिला नाजूकपणे वागवलं की ती रुसते.

बोल्ट काडतूस उचलतच नाही

इथे काडतूस अडकत नाही. बोल्ट वरून निघून जातो आणि चेंबर रिकामं राहतं.

नंबर १ मार्क ३ असेल तर सगळ्यात आधी उजव्या बाजूची सपाट पट्टी बघा. १९०७ च्या मूळ मार्क ३ ला मॅगझिन कट-ऑफ होता. ती पट्टी आत ढकलली की मॅगझिनमधली काडतुसं खाली झाकलेली राहतात आणि रायफल एकेक काडतूस हाताने भरायची होते. १९१६ पासून मार्क ३ स्टार मध्ये ती काढून टाकली, त्यामुळे स्टार रायफल वापरलेल्या माणसाला ती असते हेच आठवत नाही. पट्टी बाहेर ओढली की काम झालं. नंबर ४ ला हा कट-ऑफ नाहीच.

कट-ऑफ नसेल किंवा बाहेरच असेल, तर मॅगझिन खाली लोंबतंय का ते बघा. हे मॅगझिन बसवताना पुढची बाजू आधी आत घालायची आणि मग मागची बाजू वर दाबून कॅचचा, म्हणजे मॅगझिन धरून ठेवणाऱ्या खिट्टीचा, आवाज येऊ द्यायचा. बसल्यावर ते किंचित हललं तर घाबरू नका, थोडी हालचाल या रायफलीत नेहमीचीच आहे. आता डमी काडतुसं भरून तळहाताने मॅगझिनला खालून हलका आधार द्या आणि बोल्ट चालवा. आधार दिल्यावर काडतूस उचललं जातं आणि आधार काढल्यावर नाही, असं झालं तर मॅगझिन हवं त्यापेक्षा खाली बसतंय. एकतर मॅगझिनच्या पाठीवरचा, कॅच ज्यात अडकतो तो भाग झिजला आहे, नाहीतर कॅचची कडा गोल झाली आहे.

इथे माझी कळकळीची विनंती आहे. कॅचला कानस लावू नका आणि त्याची स्प्रिंग काढून ताणू नका. ली-एनफिल्डमध्ये मॅगझिन कॅच आणि ट्रिगरचा सिअर यांना एकच स्प्रिंग असते. सिअर म्हणजे मागे ताणलेल्या फायरिंग पिनला जो अडवून धरतो तो भाग. मॅगझिन घट्ट बसावं म्हणून तुम्ही त्या स्प्रिंगशी खेळलात, तर ट्रिगर किती दाबल्यावर सुटतो हेही बदलतं. काडतूस न चढणारी रायफल त्रासदायक असते, नको तेव्हा सुटणारी रायफल जीव घेते. हे काम आर्मररचंच.

मॅगझिन बसवतानाच घासत असेल तर लाकूड बघा. जुन्या रायफलींचं लाकूड ओलाव्याने फुगतं, कोरडेपणाने आक्रसतं, आणि कधी दुसऱ्या रायफलचं लाकूड हिच्यावर चढवलेलं असतं. मॅगझिनच्या बाजूला पत्रा चकाकतोय का बघा, जिथे चकाकतो तिथे घासतंय.

मॅगझिन ह्याच रायफलचं आहे का?

आजच्या माणसाला मॅगझिन म्हणजे खिशात चार ठेवायची वस्तू वाटते. ली-एनफिल्डच्या काळात तसं नव्हतं. मॅगझिन रायफलवरच राहायचं, वरून चार्जरने भरायचं, आणि साफसफाईलाच काढायचं. प्रत्येक मॅगझिन आपापल्या रायफलला जुळवून घेतलेलं असायचं. शंभर वर्षांत रायफली साठ्यांमधून, कारखान्यांमधून, व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरल्या आणि मॅगझिनं एकमेकांत मिसळली. म्हणून एका रायफलीत उत्तम चालणारं मॅगझिन दुसरीत रोज अडकू शकतं, आणि दोन्ही निर्दोष असू शकतात.

नंबर १ आणि नंबर ४ ची मॅगझिनं दिसायला बहिणी, पण सरळ अदलाबदल होणारी नाहीत. इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या २ए आणि २ए१ रायफली तर ७.६२×५१ च्या, बिनरिमच्या काडतुसासाठी आहेत आणि त्यांचं मॅगझिन बारा काडतुसांचं, जास्त चौकोनी. ते .३०३ ला लावून चालवायचा प्रयत्न करणं म्हणजे वेळ घालवणं. पुढे कधीतरी शिकारीसाठी बनवलेली पाच काडतुसांची बुटकी मॅगझिनंही फिरत असतात. त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही: ओठ पातळ, पाटी डुगडुगती. ज्या रायफलीत तसं मॅगझिन आहे तिथे मी आधी मूळ लष्करी मॅगझिन मागून लावून बघतो.

माझ्या हाताखालून गेलेली एक नंबर ४ होती. दर दुसरं काडतूस नाक खाली घालून चेंबरच्या खालच्या कडेवर आपटायची. मालकाने स्प्रिंग बदलली होती, पाटी घासून गुळगुळीत केली होती, चेंबरचं तोंड पॉलिश करायच्या बेतात होता. वहीत सगळे सम आकडे. दुसऱ्या रायफलचं चालतं मॅगझिन लावलं तर वीस वेळांत एकदाही अडकलं नाही. मग दोन्ही मॅगझिनं शेजारी ठेवून उजेडात बघितली, आणि एका ओठावर पक्कडीच्या दातांचे ठसे दिसले. त्याच्या आधीच्या कुणीतरी कधीतरी 'सरळ' केलेला ओठ. चेंबरचं पॉलिश वेळेत थांबलं याचं मला आजही समाधान वाटतं, कारण ओठ पुन्हा वळवता येतो, चेंबरमधून गेलेलं पोलाद परत येत नाही.

आतली घाण

लष्करी साठ्यातून निघालेल्या रायफलींना साठवणुकीचं जाड ग्रीस फासलेलं असतं. लोक नळी आणि बोल्ट मन लावून साफ करतात आणि मॅगझिनच्या तळाशी ते ग्रीस तसंच राहतं. वर्षांनुवर्षं राहून चिकट लाखेसारखं होतं. पाटी वर येते, पण सावकाश, बोल्टच्या मागून. तुम्ही सावकाश चालवलं तर सगळं छान, जोरात चालवलं की पुढचं काडतूस वेळेत वर पोचलेलं नसतं.

रिकाम्या मॅगझिनची पाटी लाकडी काडीने तळापर्यंत दाबा आणि हळू सोडा. ती न थबकता, न कलता वर यायला हवी. मध्ये अडखळली तर मॅगझिन उघडा: पाटीची मागची, रुंद बाजू खाली दाबली की पुढचं टोक ओठांखालून मोकळं होतं आणि पाटी स्प्रिंगसकट बाहेर येते. आपटू नका, उपटू नका. रॉकेल किंवा मिनरल स्पिरिट, जुना टूथब्रश, मग कोरडं कापड. हे काम मोकळ्या हवेत, आगीपासून दूर. शेवटी तेलाचा अगदी पुसट हात. आत ओलं तेल ठेवलं तर ते धूळ धरून ठेवतं आणि काडतुसांवरही जातं.

उघडलंच आहे तर भिंतींवर आतून बोट फिरवा. बाहेरून न दिसणारा चेपलेला भाग आत फुगवट्यासारखा लागतो. स्प्रिंग सपाट पट्टीची, नागमोडी असते. ती सहसा मरत नाही, पण एखाद्या घडीला तडा गेलेला असू शकतो. स्प्रिंग ताणून लांब करण्याचा सल्ला बरेच देतात. तो मला पटत नाही: चार दिवस बरं वाटतं, मग ती पूर्वीपेक्षा नरम होते.

काडतुसाचीच लांबी

ही रायफल १७४ ग्रेनच्या, टोकदार मार्क ७ गोळीच्या काडतुसाशी जुळवलेली आहे. .३०३ ची कमाल पूर्ण लांबी ७८.१ मिमी. शिकारीच्या हलक्या, आखूड किंवा बोथट नाकाच्या गोळ्या लावल्या की काडतूस आखूड पडतं, मॅगझिनमध्ये पुढे-मागे सरकतं आणि नाक भलत्याच जागी आदळतं. डमी काडतुसांचंही तेच, बाजारातली काही डमी आखूड असतात. म्हणून निष्कर्ष काढण्याआधी डमीची लांबी कॅलिपरने मोजा, नाहीतर नसलेल्या रोगावर औषध सुरू होईल.

काडतूस जवळजवळ पूर्ण आत गेलं आणि शेवटच्या सेंटीमीटरभरात बोल्ट अडला, तर मात्र मॅगझिनचा संबंध संपला. ते काडतूस मॅगझिनमधून केव्हाच सुटलेलं असतं. तिथे एक्स्ट्रॅक्टरखालची (काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकडीखालची) घाण, चेंबरमधली घाण किंवा काडतुसाचा आकार बघायचा. नंबर ४ च्या बोल्टची डोकी ० ते ३ अशा वेगवेगळ्या मापांत येतात. काडतूस चढावं म्हणून ती बदलून बघायची कल्पना काहींना सुचते. ते डोकं हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरचं तोंड यांच्यातलं अंतर, ठरवतं, तो रायफलच्या सुरक्षिततेचा पाया आहे, त्याला गेजशिवाय हात लावायचा नाही.

रेंजवर, जिवंत काडतूस असताना

दोन काडतुसं एकदम आत घुसली असतील तर बोल्टवर जोर लावू नका. मागच्या काडतुसाची टोकदार गोळी पुढच्याच्या प्राइमरवर टेकलेली असू शकते आणि बोल्ट मोकळा असतानाच ते उडू शकतं. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून दूर, बोल्ट हळू मागे, मग मॅगझिन काढायचं. बहुतेक वेळा तेवढ्याने दाब सुटतो आणि सुटी काडतुसं खाली पडतात. अडून राहिलेल्या काडतुसाला वरून काही ठोकायचं नाही. सुटत नसेल तर रेंजवरच्या जबाबदार माणसाला बोलवा.

मोसिन आणि माउझर

१८९१ ची मोसिन-नागांतही रिमच्या काडतुसाची, ७.६२×५४ची, पण तिथे रिमलॉकवर वेगळा उपाय आहे. डाव्या बाजूला एक स्प्रिंगसारखी पट्टी दुसऱ्या काडतुसाला खाली दाबून ठेवते आणि वरचं सुटं झाल्यावरच त्याला वर येऊ देते. म्हणून मोसिनमध्ये दोन काडतुसं एकदम येत असतील तर त्या पट्टीचा स्क्रू सैल आहे का आणि पट्टी वाकली आहे का ते आधी बघा.

माउझर के-९८ चं काडतूस बिनरिमचं, त्यामुळे रिमलॉकचा प्रश्नच नाही. मॅगझिनही आतच असतं आणि ओठांचं काम रायफलचं मुख्य शरीर करतं, ते सहसा वाकत नाहीत. तिथे साफसफाईनंतर पाटी उलटी बसवलेली सापडते. आणि "मॅगझिन रिकामं झालं की बोल्ट पुढेच जात नाही" अशी तक्रार घेऊन कोणी आलं तर सांगा की तो बिघाड नाही. पाटीच बोल्टला अडवते, सैनिकाला मॅगझिन संपल्याचं कळावं म्हणून. पाटी बोटाने दाबून बोल्ट पुढे घ्या. ली-एनफिल्डचा बोल्ट मात्र रिकाम्या मॅगझिनवर बंद होतो, त्यामुळे एकीची सवय असलेला माणूस दुसरीवर हमखास गोंधळतो.

आर्मररकडे जायचंच ठरलं तर रायफल, मॅगझिन, तुम्ही वापरलेली डमी आणि ती दहा ओळींची वही, सगळं सोबत न्या. कोणता आकडा अडकला, नाक वर होतं की खाली, बोल्ट किती आत होता, आधार दिल्यावर फरक पडला का, आणि दुसरं मॅगझिन लावल्यावर काय झालं, एवढं लिहिलेलं असलं की ओठ किती आणि कोणत्या बाजूला वळवायचा हे तो थोडं थोडं करून, प्रत्येक वेळी डमी चढवून बघत ठरवू शकतो.